मंडळाचा अंक टपालात टाकताना: गठ्ठा, पिशवी, टब

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकावर सात-आठ महिने काम चालतं. लेख मागवणं, मुद्रितशोधन, जाहिराती, मुखपृष्ठावरून होणारे वाद. मग छापखान्यातून खोकी येतात आणि एखाद्या शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पाच-सहा जण चहा पीत सगळे अंक तीन तासांत बांधून मोकळे होतात. अंक फाटका पोचतो, उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही, त्याचं मूळ बरेचदा त्या तीन तासांत सापडतं. म्हणून ही नोंद. दोनशेपासून हजारभर प्रतींपर्यंत अंक यूएसपीएसच्या, म्हणजे अमेरिकी टपाल खात्याच्या, नॉनप्रॉफिट मार्केटिंग मेल दराने (ना-नफा संस्थांसाठीच्या घाऊक टपालाच्या सवलतीच्या दराने) पाठवणाऱ्या मंडळांसाठी आहे. या दरासाठी एका वेळी किमान २०० प्रती किंवा ५० पौंड टपाल लागतं.

आधी अंकाचं माप बघू, कारण ते छपाईपूर्वीच ठरवावं लागतं. साडेअकरा इंच लांबी, सहा आणि एक-अष्टमांश इंच उंची किंवा पाव इंच जाडी, यातलं एक जरी माप ओलांडलं तरी तो तुकडा ‘फ्लॅट’, म्हणजे पाकिटाहून मोठं सपाट टपाल, होतो. आपल्याला तेच हवं. वरची मर्यादा १५ × १२ इंच आणि पाऊण इंच जाडी. ८.५ × ११ किंवा ७ × १० आकाराचा अंक यात आरामात बसतो. ६ × ९ चा पातळ अंक मात्र पाकिटाच्या मापात जाऊन पडतो आणि मग चिकटपट्ट्यांचे वेगळेच नियम मागे लागतात. तो आकार टाळलेला बरा.

आता वजन. मार्केटिंग मेलमध्ये एक प्रत १६ औंसांच्या आत, म्हणजे ४५३ ग्रॅमच्या आत हवी. ८.५ × ११ आकाराचा १६० पानी अंक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ८० कागद. ६० पौंडी ऑफसेट कागद (८९ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ८९ ग्रॅम) घेतला तर आतली पानं सुमारे ४२९ ग्रॅम आणि मुखपृष्ठ साधारण २६ ग्रॅम. झाले ४५५. दोन ग्रॅमने मर्यादा हुकली. तोच अंक ५० पौंडी कागदावर (७४ जीएसएम) छापला तर ३८३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतेरा औंस. छापखानेवाला ‘जाड कागद छान दिसतो’ म्हणेल. तो खरंच छान दिसतो, पण त्या अंकाला या दराने टपालात जागा नाही. १६ औंसांवर गेलात तर बाउंड प्रिंटेड मॅटर हा मार्ग उरतो. त्याला प्रीसॉर्टसाठी (पत्त्यांनुसार आधीच छाटून देण्याच्या दरासाठी) किमान ३०० प्रती लागतात आणि नॉनप्रॉफिट सवलत मिळत नाही. मीडिया मेल स्वस्त म्हणून बरेच जण तिकडे वळतात, पण त्यात जाहिराती चालत नाहीत. जाहिरातींशिवाय निघणारा दिवाळी अंक कुणी पाहिलाय? फर्स्ट क्लासमध्ये फ्लॅटची मर्यादा १३ औंस, म्हणजे तोही रस्ता बंद.

वजनाचाच आणखी एक मुद्दा. परमिटचा छाप (तिकिटाऐवजी अंकावर छापलेली परवान्याची खूण) वापरून पाठवायच्या सगळ्या प्रती वजनाने सारख्या लागतात. आजीव सदस्यांच्या अंकात तेवढी दिनदर्शिका घालायची कल्पना गोड वाटते, पण त्यामुळे एकाच टपालात दोन वजनं होतात. घालायची तर सगळ्यांत घाला, आणि वजनाचा हिशोब ती धरून करा. तसंच, जागोजागी जाडी पाव इंचाहून जास्त बदलता कामा नये. मध्येच खोचलेली पणती-रांगोळीची पुडी अंकाला फ्लॅटमधून काढून पार्सलच्या दरात नेऊन बसवते. अंक वाकतोही का ते बघा. लांबीची बाजू टेबलाच्या कडेला समांतर ठेवून निम्मा अंक बाहेर काढायचा आणि बाहेरच्या कडेपासून एक इंच आत, मधोमध दाबायचं. न मोडता किमान एक इंच खाली वाकला तर ठीक.

मापं जमली की मुख्य काम, गठ्ठा.

गठ्ठ्याचं महत्त्व कळायला टपालघरात पुढे काय होतं ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. तुमची पिशवी उघडून पट्ट्यावर रिकामी करतात. गठ्ठे यंत्रावरून सरकत जातात आणि आपापल्या गावाच्या घसरगुंडीतून खाली पडतात. गठ्ठा शाबूत राहिला तर तुमचे पंधराच्या पंधरा अंक एकदम त्या झिपच्या (पिनकोडच्या) दिशेने निघतात, एकेका प्रतीला कुणी हात लावत नाही. गठ्ठा फुटला की त्याच पंधरा प्रती सुट्या होतात. मग त्या गोळा करून फ्लॅट छाटणाऱ्या यंत्रात एकेक घालाव्या लागतात. एएफएसएम १०० हे त्यातलं परिचित यंत्र, २००० सालाच्या सुमारास आलेलं, तासाला सतरा हजारांच्या आसपास तुकडे छाटणारं. त्या वेगात सैल मुखपृष्ठ, वर आलेली पिन, अर्धवट निघालेलं लेबल यांचं काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय सुट्या प्रतींचा एक-दोन दिवसांचा उशीर वेगळाच. अमेरिकेतल्या मोठ्या मासिकांनी आणि टपाल खात्याने गठ्ठे फुटण्यावर वर्षानुवर्षं डोकं खपवलंय ते यासाठीच. १५ जुलै २००७ पासून पीरियॉडिकल्सच्या (नियतकालिकांच्या) दरात प्रत्येक गठ्ठ्याला आणि प्रत्येक पिशवीला किंवा पॅलेटला (माल रचायच्या चौथऱ्याला) वेगळं शुल्क लागू झालं, त्याच्यामागेही हाताळणीचा खर्च ज्याचा त्याच्या पदरात टाकायचा हाच विचार होता.

नियमाने एका गठ्ठ्याचं वजन २० पौंडांपर्यंत चालतं. साडेतेरा औंसाच्या अंकाच्या २३ प्रती त्यात बसतात आणि उंची होते साडेसात इंचांच्या घरात. बसतात म्हणून बसवू नका. चकचकीत, लॅमिनेट केलेली मुखपृष्ठं एकमेकांवर साबणासारखी घसरतात. वरच्या पाच-सहा प्रती जरा तिरक्या झाल्या की पट्टी सैल पडते, आणि सैल पट्टीचा गठ्ठा पहिल्याच आदळीत उघडतो. पिशवीत जाणारा असा गठ्ठा चार इंचांच्या वर नेऊ नये असं आमचं मत, म्हणजे अशा अंकाच्या दहा ते बारा प्रती. पॅलेटवर जाणार असेल तर पंधरा. एका झिपला २५ प्रती असतील तर २३ आणि २ असं करू नका, १३ आणि १२ करा. दोन प्रतींचा चपटा गठ्ठा कुठेही सरकून अडकतो.

सेंटर पिनचा अंक पाठीकडे जाड आणि उघडत्या बाजूला पातळ असतो. सगळ्या पाठी एका बाजूला ठेवल्या की गठ्ठ्याला उतार येतो. अशा वेळी काही प्रती फिरवून उलटसुलट रचायच्या, पण प्रत्येक थप्पी किमान एक इंच जाडीची हवी. एक सरळ, एक उलटी असं केलंत तर गठ्ठा आणखीच घसरतो. परफेक्ट बायंडिंगच्या (पाठीला गोंदाने चिकटवलेल्या) अंकाला हे लागत नाही, त्याची जाडी सगळीकडे सारखी असते. म्हणून पंचवीस-तीस डॉलर वाचवायला सेंटर पिन घेण्यापेक्षा परफेक्ट बायंडिंग परवडतं. शंभराच्या वर पानं गेली की सेंटर पिनचा अंक तसाही फुगतो.

बांधायचं कशाने? एक इंचापर्यंतच्या गठ्ठ्याला एक पट्टी चालते. त्याहून जाड गठ्ठ्याला किमान दोन, एकमेकींना काटकोनात. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवी. हा क्रम महत्त्वाचा, कारण आडवी पट्टी वरून बसली की लांबीची पट्टी सरकत नाही. तार आणि धातूची पट्टी चालत नाही. प्लॅस्टिकची पट्टी उत्तम, पण हाताने ओढायच्या यंत्राने ताण फार द्यायचा मोह होतो आणि वरच्या-खालच्या अंकांच्या कडा दुमडतात. पट्टीखाली करंगळीचं टोक जेमतेम शिरेल इतकाच ताण ठेवा. रबर बँड वापरत असाल तर रुंद आणि नवे घ्या. गॅरेजात गेल्या वर्षीपासून पडलेले रबर तुटतातच. श्रिंकरॅप सगळ्यांत चांगलं, पण ते अंकाला घट्ट बसायला हवं आणि आतला पत्ता स्पष्ट वाचता यायला हवा. त्यावर एक पट्टी आडवी मारली की सहसा काळजी नाही. कपडे गुंडाळायच्या सैल पिशवीत अंक कोंबून वर टेप मारणं म्हणजे गठ्ठा नव्हे.

तपासणी सोपी आहे. पहिले तीन-चार गठ्ठे बांधले की एक कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाका, कोपऱ्यावर पडेल असा. पट्टी जागेवर राहिली आणि अंक पाव इंचाहून जास्त सरकले नाहीत तर पुढचे तसेच बांधा. गॅरेजमधले लोक हळहळतील, पण एक प्रत वाया गेली तर गेली.

पत्त्याची जागा छपाईच्या वेळीच सोडावी लागते. २००९ पासून फ्लॅटवरचा पत्ता वरच्या अर्ध्या भागात हवा असा नियम आहे. वरचा भाग कोणता? अंकाची पाठ उजवीकडे येईल असा उभा धरायचा, तेव्हा वर येते ती बाजू. मलपृष्ठ समोर धरलं की पाठ आपोआप उजवीकडे येते. म्हणून पत्ता मलपृष्ठाच्या वरच्या अर्ध्यात घ्या आणि तिथली जाहिरात खालच्या अर्ध्यात उतरवा. मलपृष्ठाची पूर्ण पानाची जाहिरात विकण्यापूर्वी जाहिरातदाराला हे सांगा, नाहीतर त्याच्या दागिन्यांवर लेबल चिकटलेलं दिसेल आणि फोन तुम्हाला येईल. लॅमिनेटवर कमी प्रतीची लेबलं टिकत नाहीत. पट्टी किंवा रबर पत्त्यावरून जाता कामा नये. गठ्ठ्यात सगळ्या प्रतींचे पत्ते एकाच दिशेला ठेवा.

आता छाटणी. साधारण क्रम असा: एका पाच अंकी झिपला दहा किंवा जास्त प्रती असतील तर त्यांचा स्वतंत्र गठ्ठा. उरलेल्यांतून झिपचे पहिले तीन अंक सारखे असलेल्यांचा. त्यातूनही उरतील त्यांचा एडीसीनुसार, म्हणजे टपालाच्या विभागीय वितरण केंद्रानुसार, आणि शेवटचे सगळे मिश्र एडीसीत. गठ्ठ्याच्या सगळ्यांत वरच्या प्रतीवर, पत्त्याच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात रंगीत खूण लावायची. पाच अंकीला लाल ५, तीन अंकीला हिरवा ३, एडीसीला गुलाबी ए, मिश्रला फिकट तपकिरी एक्स. ही लेबलं टपालघरातून मिळतात. झिपचे कोणते पहिले तीन आकडे कोणत्या एडीसीत जातात त्याची यादी एल००४ आहे. ती मधूनमधून बदलते, तेव्हा गेल्या वर्षीची छापील प्रत वापरू नका.

इथे आपल्या वस्त्यांचा फायदा होतो. एडिसनच्या ०८८२० ला किंवा क्युपर्टिनोच्या ९५०१४ ला दहा प्रती सहज निघतात. पण नकाशावरचं शेजारपण झिपमध्ये असेलच असं नाही. फ्रीमाँट ९४५३९ आणि मिल्पिटास ९५०३५ एकमेकांना लागून, पण पहिले तीन अंक वेगळे. सनीवेल ९४०८६ आणि सांता क्लारा ९५०५० तसंच. प्लेन्सबरो ०८५३६ हे एडिसनकरांना आपलंच वाटतं, पण जातं ०८५ मध्ये. म्हणून ‘बे एरियाचे सगळे एका पिशवीत’ असं गावाच्या नावाने नका लावू, आकड्याने लावा.

न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सवाल्यांसाठी खास: एक्सेलमध्ये झिपचा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर ०८८२० चं ८८२० होतं, क्रमवारी कोलमडते आणि लेबलवर चार अंकी झिप छापली जाते. हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळात होतं.

यादी ताजी असणं हा नुसता शिष्टाचार नाही. टपालाच्या तारखेआधी ९५ दिवसांच्या आत यादी पत्ताबदलाच्या नोंदींशी जुळवलेली असली पाहिजे आणि टपालघर त्याची तारीख विचारतं. आपली माणसं घरं बदलतात, नोकरीसाठी राज्य बदलतात. मार्केटिंग मेलवर परत पाठवण्याची सूचना छापली नसेल तर न पोचलेला अंक टपाल खातं टाकून देतं. सूचना छापली तर परत येतो, पण प्रत्येक परतीचे पैसे पडतात. साडेतेरा औंसाच्या अंकाला ते चांगलेच झोंबतात.

गठ्ठे झाले की ते कशात भरायचे हा प्रश्न. पिशवी, टब की पॅलेट?

टपालघर पिशवी घेत असेल तर तिला किमान १२५ प्रती किंवा १५ पौंड लागतात. आपल्या अंकाच्या १८ प्रतींतच १५ पौंड होतात, त्यामुळे किमान गाठणं अवघड नाही. कमाल ७० पौंड, म्हणजे ८२ प्रती. पण सत्तर पौंडाची पिशवी कुणी उचलत नाही, ओढतात. ओढताना तळाचे गठ्ठे घासतात आणि रिकामी करताना सगळं एकदम कोसळतं. पस्तीस-चाळीस पौंडांवर थांबा. गठ्ठे आडवे, एकावर एक, एकाच दिशेने ठेवा. अर्धी रिकामी पिशवी भरलेलीहून वाईट, कारण आत गठ्ठे नाचत राहतात. तोंड बांधण्याआधी रिकामी जागा दाबून काढा.

पांढरे प्लॅस्टिकचे टब, म्हणजे फ्लॅट ट्रे, त्यांच्या बाजू कडक असतात. अंक त्यात आडवे, एका थप्पीत ठेवायचे. थप्पी हातात धरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आली की टब भरला. त्यावर आणखी दोन गठ्ठे ठेवले की झाकण बसत नाही आणि वर दुसरा टब आला की पहिले अंक वाकतात. ८.५ × ११ अंकाला टब फार चांगला. चकचकीत मुखपृष्ठ असेल आणि टपालघर टब घेत असेल, तर पिशवीकडे बघूही नका. कोणत्या टपालाला सध्या काय चालतं हे नियम गेल्या काही वर्षांत हलते आहेत, तेव्हा तुमच्या बीएमईयूला, म्हणजे घाऊक टपाल घेणाऱ्या खिडकीला, महिनाभर आधी फोन करून विचारा आणि सामानही तिथूनच मागा. पिशव्या, टब, झाकणं, लेबलं विनामूल्य मिळतात. उरलेले टब परत करा. पुढल्या वर्षीचे आकाशकंदील ठेवायला ते छान असले तरी ती सरकारी मालमत्ता आहे आणि गैरवापराला दंडाची व कैदेची तरतूद आहे.

पॅलेट लहान मंडळाला क्वचितच परवडतं, पण एकाच छाटणी केंद्राकडे जाणाऱ्या तीनशे प्रती असतील तर विचार करा. किमान २५० पौंड म्हणजे आपल्या २९७ प्रती. पॅलेट ४८ × ४० इंचांचं, चारही बाजूंनी उचलता येणारं. जड आणि मोठे गठ्ठे खाली, थर सपाट, विटा रचतात तसे सांधे चुकवून. एकही गठ्ठा कडेच्या बाहेर नको, फोर्कलिफ्टचा पहिला धक्का त्यालाच बसतो. गुंडाळताना फिल्म लाकडालाही दोन वेढे घ्या, नाहीतर वळणावर माल आणि पॅलेट वेगवेगळ्या दिशांना जातात. पॅलेटवरचे गठ्ठे पिशवीतल्यांपेक्षा कमी फुटतात, कारण ते कमी वेळा आपटतात.

प्रत्येक पिशवीला किंवा टबाला तीन ओळींचं लेबल: वर जायचं ठिकाण, मध्ये आत काय आहे, खाली कुठून आलं. हे हाताने लिहू नका, प्रीसॉर्टच्या सॉफ्टवेअरमधून बारकोडसह छापा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयआरएसची (अमेरिकी कर खात्याची) ५०१(सी)(३) ही ना-नफा संस्थेची मान्यता म्हणजे टपालाची नॉनप्रॉफिट मान्यता नव्हे. त्यासाठी ३६२४ क्रमांकाचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि छापाच्या परमिटसाठी ३६१५. अंकावर मान्यता मिळालेल्या मंडळाचं नाव हवंच. दोन वर्षं काही पाठवलं नाही तर मान्यता जाऊ शकते. टपाल देताना ३६०२-एन भरायचा. आणि जाहिराती: विमा, क्रेडिट कार्ड आणि प्रवास यांच्या जाहिरातींवर नॉनप्रॉफिट दरात खास बंधनं आहेत. आपल्या अंकात विमा एजंट आणि भारताची तिकिटं विकणारे नसतील असं होत नाही, त्यामुळे मजकूर छापण्याआधी बीएमईयूला दाखवून घ्या. इतर जाहिरातींसाठी अंकाने नियतकालिकाच्या मजकुराचे निकष पाळावे लागतात: नाव, ओळखीचा मजकूर, आणि किमान २५ टक्के भाग जाहिरातींव्यतिरिक्त.

वेळेचं गणित २०२६ साठी आत्ताच करून ठेवा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि अमेरिकेतलं मतदान ३ नोव्हेंबरला. ऑक्टोबरभर टपालघरं प्रचाराच्या पत्रकांनी आणि सणासुदीच्या कॅटलॉगांनी तुंबलेली असतील. अंक १० ऑक्टोबरच्या आसपास खिडकीवर पोचायला हवा. म्हणजे छापखान्यातून सप्टेंबरअखेर, आणि लेखकांना मुदतवाढ नाही.

यादीत स्वतःच्या ओळखीचे पाच-सहा पत्ते वेगवेगळ्या झिपमध्ये ठेवा आणि त्यांना तीन गोष्टी कळवायला सांगा: अंक कोणत्या दिवशी आला, कोपरे कसे आहेत, आणि त्याच झिपमधल्या दुसऱ्याला कधी मिळाला. एकाच झिपमध्ये निम्म्यांना सोमवारी आणि निम्म्यांना गुरुवारी अंक मिळाला, तर तो गठ्ठा वाटेत फुटला असं धरून चाला. सगळ्यांच्या अंकाच्या लांबट कडेवर एकसारखी खाच असेल, तर पट्टीचा ताण जास्त होता. एकाच कोपऱ्याला घासल्याची खूण आणि अंक ओलसर असेल, तर तो पिशवीच्या तळाशी होता.